न खाणाऱ्या पिल्लाच्या तोंडात चमचा घालू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या वाचकांच्या पानावर मध्यंतरी पुण्याच्या एका तरुणाचं पत्र आलं होतं. बॉल पायथन जातीच्या सापाचं पिल्लू आणलंय, आणल्यापासून कशाला तोंड लावत नाही, काय करावं, एवढाच प्रश्न. गेल्या रविवारी त्यावर दुसऱ्या एका वाचकाचा तोडगा छापून आला. पिल्लाचा जबडा चमच्याच्या दांड्यानं उघडायचा, कोंबडीच्या मांसाचे बारीक तुकडे आत सारायचे, वरून ड्रॉपरनं दूध नाहीतर अंड्याचा बलक सोडायचा. दोन दिवसांत पिल्लू ताळ्यावर येतं म्हणे. आपण हा तोडगा चौकटीत छापलात. चौकटीतला मजकूर लोक कापून ठेवतात, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं शिराळा आणि वाळवा तालुक्यांत काढली. म्हशी, बैल, शेळ्या, क्वचित एखादं घोडं, हे माझे पेशंट. साप माझ्यापुढे फारसे आले नाहीत. पण शिराळ्यात नोकरी केलेल्या डॉक्टरला सापांपासून लांब राहायचं म्हटलं तरी जमत नाही. कुणाच्या गोठ्यात जनावर निघालं की आधी सर्पमित्राला निरोप जायचा, आणि तो जागेवर नसला की मला. सध्या मुक्काम अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या केरी गावी, लेकीकडे. आणि लेकीच्या घरात साप आहे. रीतसर पेटीत ठेवलेला, माझ्या तेरा वर्षांच्या नातीनं पाळलेला.

कॉर्न स्नेक ही त्याची जात. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, या राज्यात रानातही आढळणारा, बिनविषारी, भक्ष्याला आवळून मग गिळणारा साप. आपल्याकडच्या तस्कराच्या गोतातला म्हणायला हरकत नाही. नातीचं पिल्लू मात्र रानातून उचललेलं नाही, ब्रीडरकडे अंड्यातून निघालेलं आहे. या सापाची अंडी साधारण दोन महिने उबतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी पिल्लं बाहेर पडतात. वीत-सव्वा वीत लांबी, वजन सात-आठ ग्रॅम. वेटोळं घालून बसलं की वाळत घातलेल्या कुरडईसारखं दिसतं, म्हणून त्याचं नाव कुरडई. हे नाव आमच्या सौ.नी दारातूनच ठेवलं. खोलीत यायला त्यांना पुढे बरेच दिवस लागले.

तर ही कुरडई खाईना.

अंड्यातून निघाल्यावर सापाचं पिल्लू पोटात उरलेल्या बलकावर आठ-दहा दिवस काढतं, मग पहिली कात टाकतं आणि त्यानंतर पहिल्यांदा खायला मागतं. इथे पाळीव सापांना गोठवलेले उंदीर मिळतात. सगळ्यात लहान म्हणजे दोनेक दिवसांचं, गुलाबी, लव न फुटलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू. त्याला इथे पिंकी म्हणतात. ते फ्रीझरमधून काढायचं, पिशवीत घालून कोमट पाण्यात वितळवायचं, कोरडं करायचं आणि चिमट्यानं सापापुढे धरायचं. कुरडईनं जीभ दोनदा बाहेर काढली, तोंड फिरवलं आणि लपायला ठेवलेल्या करवंटीखाली गेली. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच.

मराठी घरात एखाद्या जिवानं अन्न नाकारलं की काय होतं ते मी सांगायला नको. सापाच्या खोलीत पाऊल न टाकणाऱ्या सौ.ना रात्री झोप येईना. ‘अगं, एवढुसा जीव, उपाशी कसा ठेवतेस?’ जावयांनी इंटरनेटवरून तेरा उपाय काढले, त्यांतले सहा एकमेकांच्या विरोधात. लेक म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. आणि माझे हात शिवशिवत होते. चाळीस वर्षं जनावरांच्या तोंडात नळकांडी घालण्यात गेलेला माणूस मी. सात ग्रॅमचा साप, छोटी सिरिंज, बारीक नळी, काय अवघड आहे?

नातीनं मला पेटीला हात लावू दिला नाही. तिच्याकडे वही होती. त्या वहीत तारीख, पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान, वजन आणि ‘खाल्लं नाही’ असे रकाने. वजनासाठी दागिने मोजायचा छोटा काटा. तिनं मला वजनाचा रकाना दाखवला. एवढे दिवस उपाशी राहूनही वजन जवळपास जिथल्या तिथं होतं. ‘आजोबा, ती मरत नाहीये. ती घाबरलीये.’ मी गप्प बसलो, कारण काट्याशी वाद घालता येत नाही.

पुण्याच्या त्या तरुणाला आणि तोडगा देणाऱ्या वाचकाला मला हेच सांगायचं आहे. सापाचं पिल्लू खात नाही याचा अर्थ ते आजारी आहे किंवा त्याला भरवायला हवं, असा बहुतेक वेळा नसतो. ते गार पडलेलं असतं, उघड्यावर पडलेलं असतं, सारखं हाताळलं गेलेलं असतं, किंवा पुढे ठेवलेली वस्तू हे अन्न आहे हेच त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. या चारही गोष्टी तोंड न उघडता दुरुस्त होतात.

ऊब ही पहिली. साप आपल्यासारखा अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरून घेतो. पोटातलं अन्न पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते. ती नसली तर गिळलेलं भक्ष्य पोटात कुजतं आणि दोन-तीन दिवसांनी घाण वासासकट बाहेर पडतं. ज्याला पचवता येणार नाही त्यानं न खाणं हा शहाणपणाच आहे. कॉर्न स्नेकसाठी पेटीचं एक टोक २९-३० अंश सेल्सिअस आणि दुसरं २३-२४ च्या आसपास लागतं, म्हणजे त्याला हवं तिथं सरकता येतं. नातीच्या पेटीखाली एका बाजूला तापणारी चटई आहे आणि तिला तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट जोडलेला आहे. थर्मोस्टॅटशिवायची चटई सापाचं पोट भाजते, हे ठळक अक्षरात छापा हवं तर.

दुसरं, लपायची जागा. तीही एक नव्हे, दोन; ऊबदार टोकाला एक आणि गार टोकाला एक. नाहीतर पिल्लाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं, आणि ते नेहमी आडोसा निवडतं. इथे बाजारात प्लॅस्टिकच्या गुहा मिळतात. आमच्याकडे सौ.नी इंडियन स्टोअरमधल्या नारळाच्या दोन करवंट्या घासून, कडेला खाच पाडून दिल्या. (खोलीबाहेरून दिल्या.) लोकांना वाटतं, पिल्लाला मोठी ऐसपैस काचपेटी दिली की ते सुखात राहील. सात ग्रॅमच्या जिवाला मोठी रिकामी पेटी म्हणजे उघडं माळरान, वर घार. नातीनं कुरडईला बुटाच्या खोक्याएवढ्या डब्यात हलवलं, तळाशी चुरगळलेले कागद आणि वाळकी पानं टाकली आणि आठवडाभर पाणी बदलण्यापलीकडे तिच्याकडे बघितलंही नाही. घरातल्या पाहुण्यांना दाखवणं बंद. ही गोष्ट सगळ्यात अवघड गेली, कारण केरीत मराठी माणसं पुष्कळ, आणि ‘साप दाखव ना’ म्हणत दर शनिवारी कुणीतरी येतंच.

एवढं करून पुन्हा पिंकी ठेवलं. नाहीच.

आता मी जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत इथं आहे.

रानात कॉर्न स्नेकचं पिल्लू उंदीर खातच नाही म्हटलं तरी चालेल. उंदराचं बीळ शोधून त्यातलं पिल्लू उचलण्याएवढं ते मोठं नसतं. त्याचं पहिलं खाणं म्हणजे छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक. इथे अॅनोल नावाचा बोटभर हिरवा सरडा असतो, परसातल्या कठड्यावर ऊन खात बसतो, बघता बघता हिरव्याचा तपकिरी होतो. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला अंड्यातून बाहेर पडल्यापासून सरड्याचा वास ‘अन्न’ म्हणून कळतो. कसा, कुणी शिकवला, विचारू नका. तो घेऊनच ते जन्माला येतं. उंदराचा वास मात्र त्याला शिकावा लागतो. बरीच पिल्लं लगेच शिकतात. काही अडून बसतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या लेखी आपण पुढे ठेवलेली ती गुलाबी वस्तू खायची चीजच नसते.

साप वास घेतो जिभेनं. दुभंगलेल्या जिभेवर हवेतले आणि जमिनीवरचे कण उचलायचे आणि टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापाशी नेऊन ठेवायचे, असं ते काम चालतं. कुरडई जीभ बाहेर काढून पिंकीकडे पाठ फिरवायची, तेव्हा तिनं तपासणी करून निकाल दिलेला असायचा. तेव्हा बदलायचा होता तो वास.

हे इथल्या साप पाळणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. पिंकी बिनवासाच्या सौम्य साबणानं धुवायचं, खळखळून विसळायचं, म्हणजे उंदराचा वास उतरतो. मग ते सरड्याच्या अंगावर घासायचं. सरडा नसेल तर त्याची टाकलेली कात ओली करून पिंकीच्या तोंडावर चिकटवतात. बाटलीत सरड्याच्या वासाचं पाणीसुद्धा विकत मिळतं. अमेरिकेत काय मिळत नाही! नातीनं परसातला एक अॅनोल बरणीत धरला, त्याच्या पाठीवर पिंकीचं तोंड चार वेळा फिरवलं आणि त्याला परत कठड्यावर सोडलं. माझ्यातल्या पशुवैद्याला हे पटलं, कारण सरडाच खायला दिला असता तर रानातल्या सरड्याच्या पोटातले जंत पिल्लाच्या पोटात जायची भीती होती. नुसत्या वासात तो धोका पुष्कळ कमी.

आणखी एक युक्ती आहे, ती वाचून काहींना मळमळेल. पिंकीच्या कवटीला सुईनं बारीक छिद्र पाडतात, म्हणजे आतला वास बाहेर येतो. हट्टी पिल्लं याला बळी पडतात. नातीला ते करवेना. ते मी केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीचा उपयोग अखेर तेवढाच झाला.

मग जागा. मोठ्या डब्यात पिंकी ठेवलं तर पिल्लू त्याच्यापासून लांब जाऊन बसतं. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला झाकणावर भोकं पाडली, आत टिश्यू पेपर अंथरला, सरड्याच्या वासाचं पिंकी ठेवलं, संध्याकाळी कुरडईला अलगद त्यात सोडलं आणि डबा ऊबदार कपाटात, अंधारात ठेवून दार लावून घेतलं. कुणी डोकावायचं नाही, अशी ताकीद. जावई दोनदा डोकावायला निघाले, दोनदा परत पाठवले. सकाळी डब्यात कुरडई होती, तिच्या पोटाच्या मधोमध एक फुगवटा होता आणि पिंकी नव्हतं. सौ. त्या सकाळी पहिल्यांदा खोलीत आल्या. म्हणाल्या, ‘जेवली का? बरं झालं.’ आणि पोहे करायला गेल्या.

खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकतं. पुढचं जेवण पाच-सहा दिवसांनी. दर खेपेला सरड्याचा वास थोडा थोडा कमी करत न्यायचा. आता कुरडई साधं धुतलेलं पिंकी खाते, आणि धुवायलाही लागू नये असा बेत आहे. मधेच डोळे दुधी-निळसर झाले की खाणं बंद करते. ती कात टाकायची वेळ असते, त्यात घाबरायचं काही नाही.

आता जबरदस्तीनं भरवण्याबद्दल. पोट फुगलेल्या म्हशीला घरची माणसं गोडेतेल पाजतात. दोघं मान वर ओढून धरतात, तिसरा जीभ बाहेर खेचतो, चौथा बाटली उपडी करतो. तेल अन्ननलिकेत जायचं ते श्वासनलिकेत जातं. मला बोलावणं येईपर्यंत म्हैस धापा टाकत असायची, आणि मरायची ती पोटफुगीनं नाही, फुप्फुसातल्या तेलानं. किती गोठ्यांत हे बघितलंय त्याची मोजदाद नाही. सापाच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा. त्याच्या श्वासनलिकेचं तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे, जिभेच्या लगेच मागे असतं. तोंडात भलं मोठं भक्ष्य असताना श्वास घेता यावा म्हणून निसर्गानं ते तिथं ठेवलंय. त्या तोंडात ड्रॉपरनं दूध सोडलं की ते पहिलं कुठं जाणार, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दूध सापाचं अन्न नाही, ते त्याला पचत नाही, हे आपल्या वाचकांना नव्यानं सांगायची पाळी येऊ नये. गारुडी सापाला दिवसेंदिवस पाण्याशिवाय ठेवायचे, मग नागपंचमीला वाटी पुढे केली की तहानलेला साप मिळेल त्यात तोंड घालायचा. शिराळ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या, प्रतिमेची पूजा सुरू झाली. त्यावरून गावात किती रुसवेफुगवे झाले ते मी जवळून पाहिलंय आणि त्या वादात इथं शिरत नाही. पण दुधाची वाटी अजून लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही, हे आपल्या चौकटीवरून दिसलं.

चमच्याच्या दांड्याचंही तेच. पिल्लाचे दात केसासारखे बारीक, हिरड्या नाजूक. चमच्यानं खरचटलं की तोंडात पू धरतो आणि मग ते खरंच खाऊ शकत नाही. कोंबडीच्या नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं. साप अख्खं भक्ष्य हाडांसकट, आतड्यांसकट गिळतो आणि त्यातच त्याचं सगळं पोषण असतं. शिवाय हातात आवळून धरलेल्या पिल्लाला तो हात आणि शिकारी पक्ष्याचा पंजा यांतला फरक कळत नाही. जिथं त्याला रोज पकडून तोंड उघडलं जातं, तिथं ते आपणहून कसं खाईल?

कधीच भरवू नये, असं मात्र मी म्हणत नाही. वजन सतत घसरत असेल, पाठीचा कणा वर दिसायला लागला असेल, अंगात जोर राहिला नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम जाणणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावं. ते पिंकीचं नुसतं डोकं पिल्लाच्या तोंडात अलगद ठेवतात आणि सोडून देतात. बऱ्याचदा पिल्लू पुढचं आपण गिळतं. अगदीच बारीक पिल्लाला उंदराच्या शेपटीचा तुकडा देण्याचीही जुनी रीत आहे. हे हातानं शिकायचं काम आहे, वाचून करायचं नव्हे.

पुण्याच्या तरुणाकडे वळतो. बॉल पायथन म्हणजे कॉर्न स्नेक नव्हे. तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून जगभर गेला. उपास हा त्याचा स्वभावच आहे, मोठा झालेला पायथन महिनोन्‌महिने खात नाही आणि धडधाकट राहतो. पिल्लाची शिदोरी तेवढी नसते, पण काही आठवड्यांच्या उपासानं ते मरत नाही. त्याला ऊब जास्त लागते, गरम टोक ३१ ते ३३ अंश. पुण्यात डिसेंबरमध्ये नुसत्या घरातल्या हवेवर ठेवलं असेल तर उत्तर तिथंच सापडलं. हवेत दमटपणाही हवा. दिवसा तो उंदरांच्या बिळात, वारुळात अंग चोरून बसणारा प्राणी. पाठीला छप्पर टेकेल एवढी अरुंद गुहा द्या.

त्याच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात. थंडगार मेलेला उंदीर त्याला दिसतच नाही म्हणा ना. भक्ष्य जिवंत उंदराच्या अंगाएवढं, ३८-४० अंशांपर्यंत कोमट करून, विशेषतः डोकं गरम ठेवून, रात्री अंधार पडल्यावर लांब चिमट्यानं हळू हलवायचं. पिंकी त्याला फार लहान. लव फुटलेलं, डोळे उघडलेलं पिल्लू हवं. त्याचाही रानातला पहिला घास बघा: लहान बॉल पायथन पक्ष्यांची पिल्लं बरीच खातात. म्हणून कोंबडीच्या दिवसाच्या पिल्लाची पिसं उंदरावर घासून पुढे केली तर अडून बसलेलं पिल्लू कधी कधी झडप घालतं. तोडगा देणाऱ्या वाचकानं कोंबडीकडे बोट दाखवलं तेवढं बरोबर होतं, असं हवं तर म्हणू. मांस भरवण्याऐवजी वास द्यायचा होता. नाही खाल्लं तर सकाळी काढून टाका आणि पाच-सात दिवस पुन्हा विषय काढू नका. रोज रोज उंदीर नाचवला तर त्याला उंदराचीच धास्ती बसते.

घरात सापळ्यात सापडलेला उंदीर देऊ नका. आपल्याकडे झिंक फॉस्फाइड आणि ब्रोमाडिओलोन घातलेली उंदरांची औषधं घरोघर वापरतात. ते उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जातं. जिवंत मोठा उंदीर पेटीत सोडून झोपायला जाणंही वाईट, भुकेला उंदीर सापाला कुरतडतो.

गोठवलेले उंदीर ठेवण्यावरून आमच्याकडे रामायण झालं. लेकीनं पिशवी फ्रीझरमध्ये खोवलेल्या खोबऱ्याशेजारी ठेवली, आणि सौ.नी त्या दिवशी स्वयंपाकघर सोडलं. यात सौ.ची बाजू बरोबर होती. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि त्यांच्या उंदरांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असतो, गोठवून तो मरत नाही, आणि लहान मुलांना त्यानं जबर जुलाब होतात. अमेरिकेतलं रोगनियंत्रण खातं पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात साप ठेवूच नका म्हणतं. उंदरांचा फ्रिज आता गॅरेजमध्ये वेगळा आहे, त्यांचा चिमटा, वाडगं वेगळं, आणि पेटीला हात लावला की साबणानं हात धुतल्याशिवाय नात ताटावर बसत नाही.

मला स्वतःला साप पाळणं फारसं पटत नाही, हे नातीलाही माहीत आहे. पण जो आणलाय त्याचं नीट केलं पाहिजे. आणि पुण्यात तो आणताना कायद्याचीही एक बाजू आहे, तिचा त्याच्या भुकेशी थेट संबंध आहे. आपल्याकडचे साप, मग ते तस्कराचं पिल्लू असो नाहीतर मांडूळ, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरात ठेवता येत नाहीत. माझं पत्र वाचून कुणी परसातलं पिल्लू डब्यात घालून पाल घासायला बसू नये. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात असे साप मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. मोज्यात किंवा पुडक्यात कोंबून, पाण्याशिवाय, गारठ्यात आलेलं पिल्लू आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नाही, यात नवल नाही. तशा पिल्लाला आधी पाणी लागतं, मग ऊब, मग अंधार, आणि उंदीर सगळ्यात शेवटी.

संपादक महाशय, माझी विनंती दोन गोष्टींची. तो तोडगा मागे घेतल्याचं तितक्याच मोठ्या चौकटीत छापा. आणि त्या तरुणाला कळवा की त्यानं पुढच्या पत्रात चार गोष्टी लिहाव्यात: पिल्लाचं आणल्या दिवशीचं आणि आजचं वजन, पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान, शेवटची कात कधी टाकली, आणि विकणाऱ्याकडे ते काय खात होतं. हे चौथं त्यानं विकणाऱ्याला विचारलंच नसेल तर आजच फोन लावावा.

आपला नियमित वाचक,
निवृत्त पशुधन विकास अधिकारी
(मूळ शिराळा, जि. सांगली, सध्या केरी, नॉर्थ कॅरोलिना)